वेरूळच्या इंद्रसभेत हात जोडले ती लेकुरवाळी देवी नक्की कोण?

केतकीपान

नमस्कार मंडळी, इथे लेण्यांवर लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मागच्या महिन्यात सासूबाई, नवरा आणि दोन्ही मुलं असे आम्ही वेरूळला जाऊन आलो. मंगळवारी बंद असतं हे माहीत होतं म्हणून बुधवार धरला. कैलास बघण्यातच दुपार झाली आणि मग गाडी काढून शेवटच्या जैन लेण्यांकडे गेलो, तिकडे गर्दी अगदीच कमी, शांत. ३२ नंबरच्या लेण्यात म्हणजे इंद्रसभेत वरच्या मजल्यावर चढलो तर ओसरीच्या एका टोकाला ही भलीमोठी देवी. सिंहावर बसलेली, मांडीवर लेकरू आणि डोक्यावर आंब्याचं झाड, पानं आणि कैऱ्यांचे घोस नीट ओळखू येतात इतकं बारीक कोरलंय. सासूबाईंनी बघितलं आणि पदर सावरून हात जोडले, म्हणाल्या "जगदंबा आहे गं, बघ कशी लेकुरवाळी बसलीय." बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

आता घोळ असा की आमच्या पुढे एक ग्रुप होता, त्यांचा गाईड सांगत होता की ही इंद्राणी आणि समोरच्या टोकाला हत्तीवर बसलाय तो इंद्र, म्हणून ही इंद्रसभा. आणि शेजारी एक वयस्कर जोडपं उभं होतं, जैन असावेत, त्यातल्या काकू सासूबाईंना प्रेमाने म्हणाल्या "आजी, ही आमची अंबिका." पुढे काही विचारणार तेवढ्यात त्यांची मंडळी खाली उतरली.

घरी आल्यापासून सासूबाई मला रोज विचारतात की मी हात जोडले ते कोणाला. चूक झाली असं त्यांना वाटत नाही, फक्त नाव हवंय, ती कोण होती ते हवंय. माझ्याकडे उत्तर नाही.

अजून एक. आत एक उभी मूर्ती आहे, अंगावर कपडा नाही आणि पायांना, हातांना वेली गुंडाळल्यात. धाकट्याने विचारलं "आई, ह्यांना झाडाने बांधून का ठेवलंय?" मला सांगता आलं नाही. तिच्या समोरच्या बाजूला नागाच्या फण्याखाली उभी असलेली मूर्ती, मी शेषामुळे विष्णू समजले होते, पण आजूबाजूला भुतंखेतं अंगावर आल्यासारखी कोरलीत. कोणी नीट समजावून सांगेल का?

---

अनेकांत

ताई, त्या काकूंनी सांगितलं ते बरोबर आहे, ती अंबिका. बाविसावे तीर्थंकर (जैनांचे पूज्य धर्मगुरू) नेमिनाथ यांची यक्षी म्हणजे शासनदेवता, त्यांची रक्षक देवी. तुमच्या सासूबाईंना तिची गोष्ट सांगा, माझी आजी आम्हाला रात्री अंथरुणावर पडलं की सांगायची तशीच सांगतो.

गिरनारच्या बाजूला एका गावात एका ब्राह्मणाची बायको होती, दोन लहान मुलगे पदरात. घरी श्राद्ध होतं, सगळा स्वयंपाक तयार, ब्राह्मण अजून जेवायचे होते आणि दारात एक जैन मुनी आले, महिन्याचा उपास सोडायला. हिने काही विचार न करता त्यांना वाढलं. झालं, घरात आगडोंब, पितरांच्या आधी दुसऱ्याला वाढलंच कसं म्हणून सासू पेटली, नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं. एक पोर कडेवर, एकाचं बोट धरलेलं, अशी ती डोंगराकडे चालत निघाली. पोरं भुकेने रडायला लागली तर वाटेत एक वठलेलं आंब्याचं झाड होतं त्याला अवेळी आंबे लगडले, पोरांना खायला मिळालं. आजी इथे थांबायची आणि आम्हाला विचारायची, "कोणते आंबे असतील रे?" आणि आम्ही प्रत्येक जण आपल्या आवडीचं नाव सांगायचो.

इकडे घरी रिकामी भांडी परत भरलेली दिसली, नवऱ्याला पश्चात्ताप झाला, तो तिला परत आणायला धावत सुटला. पण हिला मागून तो येताना दिसला आणि वाटलं हा मारायलाच येतोय, त्या भीतीने तिने जीव दिला. ती देवी झाली, नवरा पुढच्या जन्मी सिंह होऊन तिचं वाहन झाला. म्हणून तो सिंह, म्हणून ते आंब्याचं झाड आणि म्हणून मांडीवर मूल. दुसरा मुलगा बऱ्याच मूर्तींमध्ये बाजूला उभा असतो.

म्हणजे सासूबाई "लेकुरवाळी" म्हणाल्या ते शंभर टक्के खरं बोलल्या. आमच्याकडे पण बायका तिला आईच म्हणतात, मुलाबाळांसाठी तिच्याच पुढे उभ्या राहतात.

---

सह्यभटक्या

वरची गोष्ट वाचून मस्त वाटलं. मी मूर्ती ओळखण्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण वेरूळला ही गल्लत होणं अगदी साहजिक आहे, एकाच डोंगराच्या कड्यात ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, एका दिवसात सगळं बघायला गेलं की संध्याकाळी डोक्यात खिचडी होते.

आधी तो "इंद्र". हत्तीवर बसलेला, डोक्यावर वडाचं झाड, तो इंद्र नाही, यक्ष आहे. कोणी त्याला मातंग म्हणतं, कोणी सर्वानुभूती, नावावर अभ्यासकांचं एकमत नाही पण यक्ष आहे यावर आहे. हत्ती दिसला म्हणून आधीच्या लोकांनी इंद्र म्हटलं, मग समोरची आपोआप इंद्राणी झाली आणि लेण्याचं नाव इंद्रसभा पडलं ते आजतागायत. नाव बदलायची गरज नाही पण गाईडने निदान खरं काय ते सांगावं असं मला मनापासून वाटतं. गंमत अशी की इंद्र बघायचाच असेल तर तो जवळच आहे, ३० नंबरला, छोटा कैलास म्हणतात त्या लेण्यात. तिथे अनेक हातांचा नाचणारा इंद्र आहे, तीर्थंकरांच्या जन्माचा आनंद म्हणून नाचणारा. आणि तिथे बहुतेक लोक जातच नाहीत.

देवीसाठी मी स्वतः एक सवय लावून घेतलीय, चेहरा शेवटी बघायचा, आधी पायाशी काय, डोक्यावर काय आणि मांडीवर काय. सिंह आहे पण खाली रेडा मारला जातोय, अनेक हातात शस्त्रं आहेत, तर ती महिषासुरमर्दिनी. कैलासच्या अलीकडेच १४ नंबरला, रावण की खाईत, आत शिरल्यावर ती भेटते. सात जणी रांगेत बसल्यात, कडेवर मांडीवर पोरं आहेत, आसनाखाली प्रत्येकीचं वाहन, आणि रांगेच्या शेवटी गणपती, तर त्या सप्तमातृका, त्यापण १४ ला आहेत आणि २१ नंबरला रामेश्वरमध्ये पण. एकटी बसलीय, दोन्ही बाजूंनी हत्ती पाणी घालतायत, तर गजलक्ष्मी, कैलासात शिरलं की अगदी समोर. आणि सिंह, मूल आणि आंबा हे तीन एकत्र दिसले की अंबिका.

आता गंमत बघा, सकाळी तुम्ही १४ नंबर बघितलं असेल तर सासूबाईंच्या डोळ्यांनी लेकरं घेतलेल्या मातृका बघितल्या, सिंहावरची दुर्गा बघितली, आणि दुपारी ३२ ला सिंह आणि लेकरू दोन्ही एकाच मूर्तीत. त्यांनी जगदंबा म्हटलं नसतं तरच नवल.

बाकी समोरासमोरच्या त्या दोन उभ्या मूर्ती, फणेवाले पार्श्वनाथ, तेविसावे तीर्थंकर, आणि वेलीवाले बाहुबली. वेरूळच्या जैन लेण्यांत ही जोडी पुन्हा पुन्हा येते, एकीकडे एक, दुसरीकडे दुसरा. ते तीर्थंकर तपाला उभे आहेत आणि

(मोबाईलवरून लिहितोय, अर्धवट गेलं, बाकी खाली कोणीतरी लिहा, मी ट्रेनमध्ये आहे.)

---

मुग्धा_क

भटक्या, एक दुरुस्ती, बाहुबली तीर्थंकर नाहीत. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचे ते पुत्र. भावाशी, भरताशी राज्यावरून द्वंद्व झालं, ते जिंकले आणि जिंकल्याच्या क्षणीच त्यांना सगळ्याचा वीट आला, राज्य सोडून एका जागी उभे राहिले ते इतका काळ की अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली. तेव्हा केतकीताई, धाकट्याला सांगा की त्यांना कोणी बांधलं नाही, ते हललेच नाहीत म्हणून वेलींना ते झाड वाटले. माझ्या भाच्याला हे सांगितल्यावर तो घरी दहा मिनिटं स्तब्ध उभा राहायचा प्रयत्न करत होता. आणि परत गेलात तर बाहुबलींच्या बाजूच्या स्त्रिया बघा, त्या हाताने वेली दूर करतायत, कोणी त्यांना बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी म्हणतं तर कोणी विद्याधरी, म्हणजे आकाशात फिरणाऱ्या दिव्य स्त्रिया.

लोकांना बाहुबली म्हटलं की श्रवणबेळगोळ आठवतं, ती मूर्ती ९८१ ची. पण बदामीच्या ४ नंबरच्या लेण्यात आणि ऐहोळेच्या जैन लेण्यात बाहुबली त्याच्या कितीतरी आधी कोरलेत, चालुक्यांच्या काळात, आणि तिथेही पार्श्वनाथ आहेतच. बदामीला पहिली तीन लेणी शिव आणि विष्णूची आणि चौथं जैन, एकाच तांबड्या कड्यात, खाली तळं. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शिलालेख आहे शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८, त्यामुळे तारीख अंदाजाने सांगायची वेळ येत नाही. अशी पक्की तारीख मिळणं लेण्यांमध्ये फार भाग्याचं.

पार्श्वनाथांच्या भोवतीची "भुतंखेतं" म्हणजे कमठाचा उपसर्ग, तपात आणलेलं विघ्न. मागच्या जन्मांचं वैर धरलेला एक जण तपाला बसलेल्या पार्श्वनाथांवर पाऊस पाडतो, धोंडे फेकतो, हिंस्र प्राणी सोडतो. नीट बघितलंत तर एक जण डोक्यावर मोठा दगड उचलून फेकायच्या बेतात आहे, एक जण रेड्यावर बसून अंगावर येतोय. आणि नागराज धरणेंद्र मागून फणा धरतो, त्याची राणी पद्मावती छत्री धरते. मधली मूर्ती मात्र हलत नाही. मला तर त्या सगळ्या गोंधळात मधल्या मूर्तीचे सैल सोडलेले हातच बघत राहावेसे वाटतात, बोटं सुद्धा आवळलेली नाहीत.

---

टाकीचा_नातू

मूर्तीशास्त्रातलं मला फार कळत नाही पण दगडाचं थोडं कळतं. माझे आजोबा पाथरवट, जाती, पाटे, वरवंटे घडवायचे, गावोगाव फिरून जात्याला टाकी लावून द्यायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर वेरूळला गेलो होतो, तेव्हा ते मूर्तीकडे बघायच्या आधी भिंतीला हात लावून बघत होते. कैलासच्या मागच्या भिंतीवर टाकीचे तिरपे घाव दिसतात, त्यावरून बोट फिरवत म्हणाले "हा उजव्या हाताचा गडी, आणि हा वरून खाली येत होता."

वरून खाली हेच महत्त्वाचं आहे. आपण घर बांधतो पायापासून, लेणं सुरू होतं डोक्यापासून. कैलासला डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणत खाली आले, मधे अखंड कातळ ठेवला आणि त्यातून आधी कळस, मग खालचा भाग. परांची बांधावी लागत नाही कारण ज्या दगडावर तू उभा आहेस तोच पुढच्या महिन्यात तोडायचा आहे. पण एकदा जास्त तुटलं की परत जोडायचं कुठून? खांब सोडायला विसरलास तर खांब नाहीच. म्हणजे खालच्या तळाचं गणित वरचा पहिला घाव घालतानाच डोक्यात पक्कं असावं लागणार. आजोबा म्हणायचे की जातं बिघडलं तर दुसरा दगड आणता येतो, इथे दुसरा डोंगर कुठून आणायचा.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, चांगला थर असला की एकसंध आणि चिवट, पण दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबूस मऊ पट्टा लागतो आणि पाणी तिथूनच झिरपतं. जागा निवडणारा माणूस हे ओळखणारा असणार. टाक्या बोथट व्हायला वेळ लागत नाही या दगडात, म्हणजे कोरणाऱ्यांच्या मागे लोहारांचे भाते दिवसभर चालू असणार, त्या लोहारांचं नाव कुठेच नाही.

तो छोटा कैलास जो भटक्याने सांगितला तो अर्धवट राहिलेला आहे. सगळ्यांना पूर्ण झालेलं बघायला आवडतं, मला अर्धवट लेणं जास्त आवडतं, कारण तिथे काम कसं चालायचं ते उघडं पडतं, कुठे नुसता ओबडधोबड आकार सोडलाय, कुठे बारीक कामाला हात घातलाय. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पण तसंच, राष्ट्रकूटांच्या काळातलं, अर्धवट, आणि भर शहरात. तिथला गोल नंदीमंडप बघा, बाजूचा सगळा कातळ काढून तेवढाच मधे ठेवलाय. रोज हजारो माणसं त्या रस्त्याने जातात आणि आत वळत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

---

सह्यभटक्या

मुग्धाताई, दुरुस्ती मान्य, घाईत लिहिलं, बाहुबली तीर्थंकर नाहीतच. नातू, तुझी पोस्ट वाचून एक आठवलं, गुजरात शाखेच्या राष्ट्रकूट कर्काचा बडोद्याचा ताम्रपट आहे ८१२-१३ चा, त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या मंदिराचं वर्णन येतं. देव विमानातून बघतात आणि त्यांना वाटतं हे माणसाने केलेलं नाही, आपोआप झालंय, आणि ज्याने केलं त्या शिल्पकाराला सुद्धा शेवटी आश्चर्य वाटतं की हे मी केलं तरी कसं. कैलासचं श्रेय कृष्ण पहिला या राष्ट्रकूट राजाला देतात, आठव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे ताम्रपटापर्यंत पन्नास वर्षं पण झाली नव्हती आणि लोक आ वासून बघत होते.

जैन लेणी त्यानंतरची, साधारण नववं-दहावं शतक. काही लोक "जैनांनी कैलासची कॉपी केली" असं म्हणून सोडून देतात ते मला पटत नाही. छोट्या कैलासात मांडणी मोठ्या कैलासची आठवण देते हे खरंय, पण आत बसलेला देव वेगळा, अंगणात मानस्तंभ, म्हणजे जैन मंदिरासमोरचा उंच खांब, आला जो शिवमंदिरात नसतो, चारही दिशांना तोंड केलेल्या तीर्थंकरांचं सर्वतोभद्र आलं. इंद्रसभेच्या अंगणातच बघा, मधे एकाच दगडातलं छोटं मंदिर, एकीकडे पूर्ण उंचीचा हत्ती, दुसरीकडे मानस्तंभ. कारागीर त्याच परंपरेतले असणार, शिवाचं काम झालं की जिनाचं म्हणजे तीर्थंकराचं, हाताला दगड तोच. पण त्यांना सांगितलेली गोष्ट वेगळी होती आणि त्यांनी ती नीट ऐकून कोरली, म्हणून तर आंब्याच्या झाडाला आंबे लागले.

आणि परत जाणार असाल तर वर छतावर मान वाकडी करून बघा, इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर रंगकाम शिल्लक आहे, ढगातून उडणाऱ्या आकृत्या. मोबाईलचा फ्लॅश नको, नुसती शांत उभी राहा, डोळे सरावले की दिसतात.

जवळपास अजून बघायचं असेल तर मनमाडजवळ अंकाई-टंकाई, किल्ल्याच्या पायथ्याला जैन लेणी, तिथेही यक्ष आणि अंबिका अशीच ओसरीच्या दोन टोकांना आहेत. वेरूळलाच डोंगरावर वर चढून पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे, तिच्यावर शके ११५६ चा लेख आहे, म्हणजे यादवांच्या काळापर्यंत लोक इथे येऊन दगड कोरत होते.

---

केतकीपान

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना अनेकांतदादांच्या आजीची गोष्ट तशीच्या तशी वाचून दाखवली. सासूने घराबाहेर काढलं तिथे आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी वाचायची थांबले, त्या म्हणाल्या "पुढे वाच." नवरा मारायला येतोय असं तिला वाटलं तिथे त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे ती अजून त्याच्याच पाठीवर बसलीय." मला ह्यावर काय बोलावं सुचलं नाही, मी फोन ठेवून दिला.

सकाळी उठल्या उठल्या म्हणाल्या की परत जायचंय. दिवाळीनंतर ठरवतोय. आता फक्त एवढं सांगा, या वेळी जैन लेणी आधी करावीत का, आणि वरच्या मजल्याचे जिने त्यांना परत झेपतील ना? गुडघे दुखतात, मागच्या वेळी खाली आल्यावर बराच वेळ बसून होत्या. आणि धाकट्याला तो रेड्यावर बसलेला बघायचाय.

---

अनेकांत

ताई, आधी नका करू. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी आत अंधार असतो, दुपार उतरली की ऊन आत शिरतं. सकाळी १४ आणि १६ म्हणजे कैलास करा, १४ ला मातृका दाखवाच, मग जेवून निवांत विश्रांती घ्या, आणि तीन-साडेतीनला गाडीने थेट जैन लेण्यांपाशी, चालत आणू नका, दीडेक किलोमीटर आहे आणि आजींचे पाय तिथपर्यंत ताजे राहायला हवेत.

जिना आतला आहे, अंधारा, पायऱ्या चढ्या. चढताना मोठा मुलगा मागे आणि उतरताना तुम्ही पुढे, एक टॉर्च ठेवा. वर गेल्यावर घाई करू नका. आणि आजींना सांगा की माझी आजी तिथे गेली की नमस्कार करून झाल्यावर सिंहाकडे पण एकदा बघायची, म्हणायची त्यानेही पुष्कळ सोसलंय.